उसनी मेमरी

वाहन परवाना कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर एक थंडगार खोली होती आणि त्या खोलीत दोन कपाटांएवढं एक काळं मशीन होतं. कोणाचं लायसन्स कधी संपतं, कुठली बस तपासणीत नापास झाली, कुणी सिग्नल तोडला, हे सगळं त्या मशीनच्या पोटात. ते सांभाळायचं काम ज्या बाईंकडे होतं त्यांना ऑफिसात सगळे मशीनवाल्या मॅडम म्हणत. इतकी वर्षं म्हणत आले होते की त्यांचं खरं नाव पगारपत्रक काढणाऱ्या कारकुनाखेरीज फारसं कुणाला आठवत नसे. मॅडमची त्याला हरकत नव्हती. हरकत दुसऱ्याच गोष्टींना होती, आणि त्या वर्षी अशा गोष्टी उदंड झाल्या.

मशीन एक असलं तरी आत सर्व्हर बावीस होते. प्रत्येक विभागाचा आपापला. हे बावीस जण थेट मशीनवर बसलेले नव्हते. मधे हायपरवायजर नावाचा एक प्रोग्राम होता आणि त्याचं मुख्य काम म्हणजे सगळ्यांची समजूत काढणं. प्रत्येक सर्व्हरला तो सांगायचा, ही एवढी मेमरी तुझी, खास तुझ्यासाठी राखून ठेवलीय. असं सांगत सांगत त्याने मशीनमध्ये होती त्याच्या जवळजवळ दुप्पट मेमरी वाटून टाकली होती. पण सगळ्यांना एकाच वेळी सगळी लागत नाही. एक जण डुलक्या काढत असला की त्याची उचलून दुसऱ्याला द्यायची, तो जागा झाला की तिसऱ्याची उचलून ह्याला. असा हा उसनवारीचा संसार कित्येक वर्षं बिनबोभाट चालला होता.

ज्याने हा हायपरवायजर बसवला तो माणूस चांगल्या नोकरीवर दुसरीकडे निघून गेला आणि त्याच्या मागे ते लोढणं मॅडमच्या गळ्यात आलं. त्याचे आदेश वेगळे, त्याची दुखणी वेगळी, आणि काही बिघडलं की मॅडमखेरीज विचारायला कुणी नाही. म्हणून वरच्या कार्यालयाने जेव्हा ठरवलं की हायपरवायजर काढून टाकायचा आणि प्रत्येक सर्व्हरला मशीनमध्ये त्याचा स्वतंत्र कप्पा द्यायचा, तेव्हा मॅडमना मनापासून बरं वाटलं. पार्टिशन म्हणतात त्या कप्प्याला. त्यात एकदा मेमरी दिली की दिली. शेजारच्याला ती उसनी मिळत नाही. म्हणजे इतकी वर्षं जे गोड बोलून भागत होतं ते आता मोजून मापून द्यायचं होतं.

आणि वाटणी म्हटली की माणसं कशी वागतात हे काय सांगायला हवं.

वाटणीच्या बैठकीत मॅडमनी पडद्यावर एक तक्ता लावला. सहा आठवडे त्यांनी प्रत्येक सर्व्हरचा मेमरीचा खरा वापर, जीबीमध्ये, मोजला होता. तक्ता बघून सगळे विभागप्रमुख एकसाथ बोलायला लागले. लायसन्सवाल्यांचं म्हणणं, आमच्याकडे गर्दी जास्त. दंडवाल्या बाई म्हणाल्या, आम्हाला कमी दिलंत तर लोक मोकाट सुटतील. नव्या नोंदणीवाल्यांनी नुसतंच सांगितलं की शेजारच्या विभागाला जेवढं मिळेल त्याहून थोडं जास्त आम्हाला. टेबलाच्या टोकाला साहेब, म्हणजे मॅडमचे वरिष्ठ, मोबाइलमध्ये बघत होते आणि अधूनमधून म्हणत होते, "आपण समजुतीने घेऊ या."

समजुतीने घ्यायला तयार नसलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे नूतनीकरणाचे प्रमुख. टॅक्सी, ट्रक, शाळांच्या बसगाड्या अशा धंद्याच्या गाड्या रस्त्यावर आणायला योग्य आहेत असा दाखला दर सहा महिन्यांनी नवा करून द्यायचा, हे त्यांच्या विभागाचं काम.

"आम्हाला चौसष्ट," ते म्हणाले.

"सर, तुमचा सर्व्हर विसाच्या वर कधी गेलेलाच नाही. मी मोजलंय."

"चौसष्ट आमचे आहेत."

"आहेत म्हणजे सांगण्यापुरते आहेत. खरे तेवढे कुणाकडेच नाहीत."

"मला पहिल्यापासून चौसष्ट सांगितलेत. आता तुम्ही वीस म्हणता. उद्या दहा म्हणाल."

ही त्यांची तिसरी वेळ होती चौसष्ट म्हणण्याची. मॅडमशेजारी मशीनच्या डिस्क सांभाळणारा सहकारी बसला होता, तो डिस्कवाला त्यांच्या कानाशी पुटपुटला, "चौसष्टराव," आणि त्या दिवसापासून चौथ्या मजल्यावर त्यांचं तेच नाव पडलं.

चौसष्टरावांची ख्याती अशी होती की ते कुठल्याही बैठकीला तक्रारीशिवाय आले नव्हते. एसी गळतो, खुर्च्या मोडक्या, लिफ्ट बंद, पार्किंगमध्ये बाहेरच्या गाड्या. बैठक कसलीही असो, हा पाढा एकदा व्हायचाच. त्यामुळे ते बोलायला लागले की लोक चहा घ्यायला उठत.

"तुम्ही कुठले सहा आठवडे मोजलेत?" त्यांनी विचारलं. "आमचं काम रोजचं एकसारखं नसतं. सहामाहीला सगळ्या गाड्या एकदम…"

"सगळ्यांचे तेच सहा आठवडे मोजलेत, सर."

"तेच म्हणतोय मी. त्या आठवड्यांत आमच्याकडे…"

तोवर दीड तास झाला होता. मॅडमचं डोकं ठणकत होतं, दंडवाल्या बाई अजून बोलतच होत्या आणि साहेबांनी मनगटावरचं घड्याळ दोनदा पाहिलं होतं. चौसष्टरावांच्या वाक्यात काहीतरी ऐकण्यासारखं आहे असं मॅडमना वाटून गेलं, नाही असं नाही. पण ह्या माणसाचं किती ऐकायचं? त्यांनी नूतनीकरणापुढे चोवीस लिहिले आणि म्हणाल्या, "पुढचा मुद्दा घेऊ या."

पुढचा मुद्दा साहेबांचा होता. वरिष्ठांना एका नजरेत सगळं दिसावं म्हणून त्यांनी हौसेने एक डॅशबोर्ड करून घेतला होता. रंगीत गोल, हलणारे बाण, वर मोठ्या अक्षरांत आजची तारीख. मॅडमच्या मोजणीप्रमाणे त्याला दहा पुरत होते.

"त्याला अठ्ठेचाळीस ठेवा," साहेब म्हणाले.

"सर, दहा पुष्कळ होतात."

"वरचे लोक बघतात तो. अडकायला नको." मग मोबाइल खाली ठेवत म्हणाले, "आणि मॅडम, महिनाअखेरीची तारीख मी वर सांगून बसलोय."

कुणाला विचारून, असं मॅडमच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिले.

संध्याकाळी घरी आल्या तर दारातच शिडी. नवऱ्याने नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि आता वेळ आहे तर घराला रंग देऊन टाकू, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. रंगारी म्हणाला होता, चार दिवस. तो दुसरा आठवडा होता. सगळ्या खोल्यांतलं सामान मधोमध ढीग करून जुन्या चादरींखाली झाकलेलं, पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि हॉलच्या बरोबर मध्यभागी, चादरींच्या दोन डोंगरांमध्ये, खुर्ची टाकून सासूबाई बसलेल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण डोळे शाबूत होते, आणि दिवसभर त्या रंगाऱ्याच्या हाताकडे बघत बसत.

"अगं, हा कोपरा सोडतो," त्यांनी सुनेला पाहताच सांगितलं. "मी सकाळपासून सांगतेय. तो मान हलवतो आणि सोडतो."

"आजी, दुसरा हात द्यायचाय अजून," रंगारी शिडीवरून म्हणाला.

"काय म्हणाला?"

"दुसरा हात देणार आहे म्हणतो, आई."

"पहिला तरी नीट दे म्हणावं."

मॅडमनी मोबाइलचा चार्जर शोधायला सुरुवात केली. तो कुठल्यातरी चादरीखाली होता. "अहो, चार्जर कुठे ठेवलाय?" नवरा आतून ओरडला, कपाटात. कपाट कुठे आहे ते मात्र त्याने सांगितलं नाही.

मग ऑफिसात सर्व्हरची प्रत्यक्ष हलवाहलव सुरू झाली आणि मॅडमच्या नाकी नऊ आले ते डिस्कवाल्यापायी. सर्व्हरचा सगळा माल ज्या डिस्कांवर असतो त्या ह्याच्या ताब्यात. माणूस गुणी, कधी आवाज चढवायचा नाही, कधी नाही म्हणायचा नाही. हो पण म्हणायचा नाही. काहीही मागा, "ताई, उद्या पाहू."

"उद्या म्हणजे कधी?"

"उद्या म्हणजे उद्याच. सकाळी बघतो."

अशा चार उद्या गेल्यावर मॅडम त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आज पाहू. मी बसलेय."

पहिला सर्व्हर त्यांनी रविवारी सकाळी हलवला. मुद्दाम बिनमहत्त्वाचा निवडला, ग्रंथालयाचा. हायपरवायजरमधून बंद केला, कप्प्यात चालू केला. तो जागा झाला, दोन ओळी बोलला आणि गप्प झाला. डिस्क सापडत नाही म्हणाला.

"डिस्क तर दिलीय," डिस्कवाला म्हणाला.

दिलेली होतीच. घोळ पत्त्याचा होता. हायपरवायजरने प्रत्येक सर्व्हरला घरगुती पत्ता शिकवून ठेवला होता: तुझी डिस्क एक नंबरची. बावीसही जणांना एक नंबरचीच सांगितली होती, आणि मागच्या मागे कुणाची खरी कुठली हे तो सांभाळून घ्यायचा. आता सांभाळून घेणारा उरला नव्हता आणि ग्रंथालयाचा सर्व्हर एक नंबर, एक नंबर करत बसला होता. म्हणजे हलवण्याआधी प्रत्येकाला त्याचा खरा पत्ता शिकवायला हवा, आणि खरा पत्ता म्हणजे अशी एक लांबलचक आकडे-अक्षरांची माळ की एक अक्षर चुकलं तर दुसऱ्याच विभागाची डिस्क हातात यायची.

मॅडम भराभर लिहून मोकळ्या व्हायला निघाल्या होत्या. डिस्कवाल्याने त्यांचा हात थांबवला नाही, पण मान हलवली. "ताई, मी वाचतो, तुम्ही बघा. मग तुम्ही वाचा, मी बघतो." अशा दुहेरी वाचनात दंड विभागाचा पत्ता लायसन्सवाल्यांना लागणार होता तो पकडला गेला. मॅडमनी सगळे पत्ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. ह्याचं 'उद्या' कुठून येतं ते त्यांना त्या दिवशी थोडंसं कळलं. राग मात्र पुरता गेला नाही, कारण बुधवारी तो पुन्हा उद्या म्हणाला.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी दुपारी शेवटचा सर्व्हर कप्प्यात उभा राहिला आणि मॅडमनी हायपरवायजर कायमचा बंद केला. इतक्या वर्षांचा सोबती म्हणून काही वाटेल असं त्यांना वाटलं होतं. फक्त भूक लागली होती.

साहेबांनी सगळ्यांना अभिनंदनाचा मेल पाठवला. त्यात "माझ्या मार्गदर्शनाखाली" हे शब्द दोनदा होते.

दीडेक महिना सुरळीत गेला. मग सहामाही आली.

मॅडम सकाळी टेबलाशी बसून चहाचा पहिला घोट घेत होत्या, तेवढ्यात दारात चौसष्टराव उभे राहिले. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून आले होते, श्वास लागला होता. मॅडमनी मनातल्या मनात कंबर कसली. पण ते ओरडले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमचं काम पडलंय. दोनदा लावलं, दोनदा पडलं."

मॅडमनी बघितलं. सहामाहीचं ते काम धंद्याच्या झाडून सगळ्या गाड्यांचा मागचा तपासणीचा इतिहास एकदम मेमरीत उचलायचं आणि मग दाखले काढायचं. चोवीसच्या कप्प्यात ते मावणं शक्य नव्हतं. मेमरी संपली की सर्व्हर स्वतःच सगळ्यात मोठं काम निवडून मारून टाकतो, तसं त्याने मारलं होतं. आधीच्या सगळ्या सहामाहींना हायपरवायजर मागच्या मागे शेजाऱ्यांकडून उसनं आणून भागवत असणार. कुणाला कधी कळलंही नव्हतं. आणि मॅडमनी मोजलेले ते सहा आठवडे दोन सहामाहींच्या बरोबर मधले होते.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"जुने दाखले आज रात्री संपतात. उद्या सकाळी ज्या बसकडे नवा दाखला नाही ती शाळेत जायची नाही. खाली हॉलमध्ये माणसं येऊन बसलीत."

मी सांगितलं होतं, एवढं त्यांनी म्हणावं म्हणून मॅडम थांबल्या. म्हणाले असते तर उलट काहीतरी बोलून मोकळं होता आलं असतं. ते नुसते रुमालाने मान पुसत उभे राहिले.

मेमरी तर सगळी वाटून झाली होती. मॅडमनी फोन फिरवायला सुरुवात केली. लायसन्सवाले म्हणाले, आमचीच ओढाताण आहे. दंडवाल्या बाईंनी विचारलं, आम्ही दिली तर परत मिळेल ह्याची हमी कोण देणार? नव्या नोंदणीवाल्यांनी फोन ठेवून दिला. राहता राहिला डॅशबोर्ड, अठ्ठेचाळिसातले दहा वापरून बाकीच्यांवर पाय पसरून बसलेला. वरच्या कार्यालयातून तो शेवटचा कधी उघडला होता ते मॅडमनी तपासलं. उद्घाटनाच्या दिवशी.

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी कापला. पुन्हा लावला. मेसेज आला: मीटिंगमध्ये आहे. मॅडमनी लिहिलं, डॅशबोर्ड थोडा वेळ बंद करावा लागेल, सर, तातडीचं आहे. उत्तर आलं नाही. त्यांनी डिस्कवाल्याकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "हे काही उद्यावर टाकता येणार नाही."

मॅडमनी डॅशबोर्ड बंद केला.

त्याचा कप्पा लहान करून झाला, नूतनीकरणाचा सर्व्हर थांबवून त्याला उरलेली मेमरी द्यायला घेतली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, डॅशबोर्ड गेला." साहेबांचा आवाज दबका होता, तोंडावर हात धरून बोलत असावेत.

"हो सर. मीच बंद केलाय."

"मी इथे चाळीस लोकांसमोर उभा आहे. सगळ्या कार्यालयांचे प्रमुख आहेत. मी आपलं स्थलांतर समजावून सांगतोय आणि मागे पडद्यावर डॅशबोर्ड होता."

"सर, इथे खाली बसवाले उभे आहेत. नूतनीकरण बंद पडलंय."

क्षणभर नुसती कुजबूज ऐकू आली. "किती वेळ?"

"पाच मिनिटांत येईल तो परत. फक्त लहान होऊन येईल."

"लहान म्हणजे? गोल लहान दिसतील?"

मॅडमनी डोळे मिटले. "गोल तेवढेच दिसतील, सर."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

नूतनीकरणाचा सर्व्हर मोठा होऊन उठला. काम पहिल्यापासून लावावं लागलं. अर्धवट पडलेलं पुढे चालू करायची सोय कुणी केलेली नव्हती. मॅडम नजर ठेवायला म्हणून चौसष्टरावांबरोबर तळमजल्यावर त्यांच्या खोलीत गेल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसायची संधी मिळाली म्हणून समोरची खुर्ची ओढली आणि टेकतात तोच ती एका बाजूला कलली. त्यांनी टेबल धरलं म्हणून वाचल्या.

"ती नको," चौसष्टराव म्हणाले. "ही घ्या." आणि स्वतःची खुर्ची पुढे केली.

कोपऱ्यात एसीखाली बादली ठेवलेली होती. तिच्यात थेंब पडत होते. काचेपलीकडच्या हॉलमध्ये बाकांवर ड्रायव्हर बसलेले, जागा नाही ते भिंतीला टेकून. शाळेच्या बसची एक बाई हातातल्या किल्ल्या या बोटावरून त्या बोटावर करत सारखी काउंटरकडे बघत होती.

मॅडमनी पडद्यावर मेमरीचा आकडा लावून ठेवला. सव्वीस. तीस. चौतीस.

"तुम्ही चौसष्ट का धरून बसला होतात?" त्यांनी शेवटी विचारलं. "एवढे तर लागत नाहीयेत."

"मला काय माहीत किती लागतात. मेमरी म्हणजे नेमकं काय, हेही मला धड कळत नाही." ते जराही लाजले नाहीत. "तो तुमचा आधीचा माणूस, ज्याने ते सगळं बसवलं, तो मला सांगून गेला होता. सहामाहीला काम जड होतं म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो. म्हणाला, हे चौसष्ट तुमचे, कुणाला हात लावू देऊ नका. मी लावू दिला नाही."

"तेव्हा सुद्धा ते खरे नव्हतेच."

"पण काम व्हायचं."

 आकडा अडतिसावर गेला, एकोणचाळीस झाला आणि तिथेच रेंगाळला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने तो उतरायला लागला, आणि आतल्या खोलीतला प्रिंटर घरघरला. कारकुनाने काचेच्या खिडकीतून गाड्यांचे नंबर पुकारायला घेतले तशी बाकांवरची माणसं उठली. किल्लीवाल्या बाईंचा नंबर तिसरा की चौथा आला. दाखला हातात पडताच त्यांनी तो उलटसुलट बघितला, घडी केली आणि कुणाकडेही न बघता चालत्या झाल्या.

मॅडमचा जीव भांड्यात पडला. "चव्वेचाळीस देते," त्या म्हणाल्या. "ते मात्र खरे असतील. कायमचे."

"चालतील," चौसष्टराव म्हणाले.

"आणि बैठकीत तुम्ही सांगत होतात ते मी ऐकायला हवं होतं."

"माझं तसं कुणी ऐकत नाही," ते सहज म्हणाले, जणू बाहेरची हवा कशी आहे ते सांगत होते. "पुढच्या वेळी मोठ्याने सांगू?"

"नको. हळूच सांगा. वर येऊन सांगा."

"लिफ्ट बंद असते."

मॅडमना हसू यायला हवं होतं. पण चार मजले त्यांनाही चढायचे होते.

दुसऱ्या दिवशी साहेब परतले ते खुशीत. घाबरत घाबरत मॅडमनी विषय काढला तर ते म्हणाले, "अहो, उत्तमच झालं. मी तिथे सांगितलं, बघा, आम्ही आत्ता तुमच्यासमोर एक कप्पा बंद करून दाखवतोय आणि बाकीचे एकवीस बिनधास्त चालू आहेत. टाळ्या पडल्या." मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी सांगितलं की गावाबाहेरच्या दुसऱ्या परवाना कार्यालयातलं मशीन पण आपल्याकडेच द्यायचं ठरलंय. तिथे तीस सर्व्हर आहेत. "तेवढेच सहा आठवडे मोजून टाका."

"सर, वर्षभर मोजावं लागेल."

"वर्ष?"

"नाहीतर प्रत्येक विभागाला जाऊन विचारावं लागेल की तुमचं काम सगळ्यात जड कधी असतं."

"मग विचारा ना," साहेब म्हणाले. "विचारायला कितीसा वेळ लागतो."

तीन आठवडे लागले. मॅडम तिथल्या एकेका विभागात जाऊन बसल्या. साधा एकच प्रश्न विचारायचा होता, पण त्याचं सरळ उत्तर कुणी देईल तर शपथ. टायपिस्टच्या बदलीपासून ते पंख्याच्या आवाजापर्यंत सगळ्यांचं सगळं ऐकावं लागलं. मधेच उठावंसं वाटायचं, मधेच डोकं धरावंसं वाटायचं, आणि घरून अजूनही नवऱ्याचे फोन यायचे की हॉलच्या रंगाची छटा आईला पसंत नाही, आता काय करू.

तिथल्या दंड विभागातल्या बाई तर एका बैठकीत दोन तास बोलल्या. त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्याने काय केलं, कोणाची फाइल कोणी दाबली, उन्हाळ्यात खिडकी उघडली की धूळ कशी येते. मॅडमनी दोनदा विषय वळवून पाहिला, दोन्ही वेळा बाई वळसा घालून खिडकीपाशी परत आल्या. मग मॅडमनी हात टेकले आणि नुसत्या ऐकत बसल्या. चहा आला, प्यायला, कप नेले. बाहेर लोक डबे उघडायला लागले. आणि खुर्ची मागे सारून उठता उठता बाई म्हणाल्या, "तसं आमचं बरं आहे हो एरवी. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तेवढं मरण असतं. सगळं मशीन अडकून बसतं, दरवर्षी."

"बसा," मॅडम म्हणाल्या. "बसा जरा. ते नीट सांगा."